दाजींच्या हातातलं आक्काचं हृदय

आमचे निपाणीचे दाजी, म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, एका जागी पाच मिनिटं बसलेले पाहिले असं सांगणारा माणूस महाराष्ट्र-कर्नाटक दोन्ही राज्यांत सापडायचा नाही. ते जेवतात उभ्यानं, पेपर वाचतात फेऱ्या मारत, आणि बेळगावला निघाले की संकेश्वरला गाडी थांबताच खाली उतरतात. एकदा गाडी त्यांना सोडून गेली आणि त्यांची पिशवी एकटीच बेळगावला पोहोचली. शिवाय हाताला लागल्याशिवाय त्यांना काही पटत नाही. मिक्सर घेतला तर दुकानातच खोलून बघतात. आक्का सांगते, तिला बघायला आले तेव्हा हे खुर्चीचा पाय हलतो का तेच तपासत होते.

गेल्या वर्षी आक्काला जिना चढताना धाप लागायला लागली. बेळगावच्या डॉक्टरबाईंनी हृदयाच्या पडद्याला जन्मापासूनच भोक असल्याचं सांगितलं. मांडीच्या शिरेतून जाळीची चकती नेऊन ते बुजवता येतं, हे दाजींनी कुठूनतरी ऐकलं होतं. बाई मात्र छाती उघडावी लागेल म्हणाल्या, आणि दाजी खोलीभर येरझाऱ्या घालत नाही म्हणत राहिले. शेवटी बाईंनी खणातून एक वस्तू काढून त्यांच्या हातात ठेवली. आक्काच्या स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं, रबरासारखं मऊ, हुबेहूब तिचंच हृदय. आम्ही हेच करून बघितलंय, आता तुम्ही बघा, म्हणत चकतीही दिली. दाजींनी ती भोकात बसवली. ती घसरून पडली. एका बाजूला तिला धरायला कडच नव्हती. त्यांनी मोठी मागितली. तीही पडली. चौथ्या खेपेलाही पडली, तेव्हा त्यांनी ती उचलून बाईंच्या टेबलावर ठेवली. "पटलं," एवढंच म्हणाले आणि उभ्यानंच सही केली.

ऑपरेशन चाललं होतं तेवढा वेळ ते दवाखान्याचे मजले चढत-उतरत होते. वॉचमननं तीनदा कन्नडमध्ये बसायला सांगितलं. तीनदा त्यांनी कन्नडमध्येच बसतो म्हणून सांगितलं आणि पुढं गेले. सगळं नीट पार पडलं.

आठवड्यानं आक्का उशीला टेकून बसली होती. "माझं काळीज हातात घेऊन बघितलंसा म्हणं," ती म्हणाली. "कसं हाय वो?"

दाजी खिडकीची कडी हलवून बघत होते, ते थांबले.

"लई लहान हाय गं," ते म्हणाले. "तेवढ्यावर तीस वर्षं माझ्या मागनं पळलीस."

मग पाठमोरे होऊन ते पुन्हा कडी हलवत राहिले. नंतर मी ती पाहिली. घट्ट होती.