ट्रेमधले हसरे चेहरे

वसई पूर्वेला स्टीलचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात मी पॅकिंग सुपरवायझर आहे. आमच्याकडे मशीनजवळ मोबाइल चालत नाही. सकाळी आल्या आल्या सगळ्या जणी फोन एका ट्रेमध्ये ठेवतात आणि तो ट्रे माझ्या टेबलावर राहतो.

गेल्या वर्षी ऑफिसने सगळ्यांच्या फोनमध्ये एक अॅप टाकलं. आज मन कसं आहे, ते रोज पाच चेहऱ्यांतून एक निवडून सांगायचं. सलग आठवडाभर रडका चेहरा आला, तर समुपदेशक बाई स्वतः फोन करणार. अॅप आठवण करून द्यायचं साडेनऊला, म्हणजे फोन ट्रेमध्ये असताना. अठ्ठावीस फोन एकदम वाजायचे. ऑफिसला सगळ्यांचं उत्तर हवं होतं, आणि मला लाइन थांबवायची नव्हती. लॉकची अडचण नव्हती. प्रत्येकीला अॅप मीच सुरू करून दिलं होतं, तेव्हाच सगळ्यांचे पिन कळले होते. एकेक फोन उचलून मी हसरा चेहरा दाबत गेले. पाच मिनिटांत काम उरकायचं.

राजोडीची एक बाई झाकणं लावायला होती. चाळिशीची, थट्टेखोर, गाणी म्हणत काम करणारी. दिवाळीनंतर तिची गाणी थांबली. जेवणाचा डबा न उघडताच परत जाऊ लागला. विचारलं की म्हणायची, "अॅसिडिटी." मी गोळी आणून दिली.

एका सकाळी ट्रेमध्ये फोन ठेवायला आली, तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, त्या बाईंचा फोन कधी येनार?"

"कुठल्या बाईंचा?"

"अॅपवाल्या. मी रोज घरून निघताना रडका दाबते. पंधरा दिस झाले. माझं रडनं कमी पडतंय काय?"

ती हसली. मला हसता आलं नाही. अॅप दिवसातलं शेवटचं उत्तर तेवढं धरायचं, आणि तिचं शेवटचं उत्तर रोज मी देत होते.

तिला तिथेच सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग इतके दिवस मी कोनाला सांगत होते?"

मी तिच्याच फोनवरून अॅपमधला नंबर लावला, झालेला प्रकार समुपदेशक बाईंना सांगितला, फोन तिच्या हातात देऊन तिला स्टोअररूममध्ये बसवलं आणि दार बाहेरून लोटून घेतलं. लाइन सुरू झाली होती. तिच्या जागेवर बसून मी झाकणं लावू लागले.

साडेनऊला ट्रे वाजला. मी उठले, लाइन बंद केली आणि जिचा तिचा फोन जिच्या तिच्या हातात दिला.

आत तिचं बोलणं अजून चालू होतं.