तिरकीचं पाऊल

गल्लीत तिला सगळे तिरकी म्हणत. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार! डावी टाच जन्मापासून आत वळलेली, त्यामुळे बिचारी पावलाच्या कडेवर चालायची. एक ठप्प, एक खर्र. शिवणकाम मात्र असं, की नावं ठेवणारेही कपडे तिच्याकडेच टाकायचे.

आंधळी आई लेकीला ओळखायची ती या खर्रवरूनच. जिन्यात चाहूल लागली की म्हातारी उठून कडी काढायची. दुसऱ्या कुणासाठी ती जागची हलत नसे.

चाळिशीत तिरकीचा गुडघाही बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले, टाचेचं हाड कापून जागेवर सरकवू, स्क्रू घालू, पाय सरळ होईल. मोठी बहीण आईजवळ राहायला आली. म्हातारीच्या जिवाला घोर नको म्हणून दोघींनी थाप मारली, की तिरकीला बाहेरगावी काम मिळालंय. शहाणपणा नडतो तो असा!

पाय प्लास्टरात असताना बहिणीचा फोन आला. आई मजेत आहे, रोज दुपारी कडी काढते, रिकाम्या दाराशी बोलते, तुझ्यासाठी पाण्याचा पेला ठेवते. तिरकी हसली. म्हातारपण, दुसरं काय! पण पेला रिकामा कसा होतो, ते काही बहिणीला सांगता येईना.

पाय सरळ झाला. तिरकी घरी आली त्या दुपारी बहीण दार नुसतं लोटून बाजारात गेली होती. तिरकी आत आली, कडी लावली आणि म्हणाली, आई, मी आलेय.

"आवाज तिचाच आहे," आई म्हणाली. "चाल नाही. कोण गं तू?"

तिनं सगळं खरं सांगितलं. आईचा हात टाचेवरच्या वणावर ठेवला. आईनं तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. एक करायला गेली नि झालं भलतंच! रडकुंडीला येऊन तिरकीनं पूर्वीसारखं चालून बघितलं, पण टाच काही वळेना. ज्या पायाचा जन्मभर राग केला, तो आज कुणी परत दिला असता तर तिनं पाया पडून घेतला असता.

"माझ्या लेकीची नक्कल करू नकोस," आई म्हणाली.

तेवढ्यात जिन्यात पाऊल वाजलं. ठप्प. मग खर्र.

तिरकी दारापासून मागे सरकली. म्हातारीचा चेहरा मात्र खुलला. ती चाचपडत दाराकडे निघाली. तिरकीनं तिचा हात घट्ट धरला. उघडू नकोस, म्हणून विनवलं. आईनं एकेक बोट हळूच सोडवलं.

"वाट सोड, बाई. पायानं अधू आहे माझी पोर. तिला फार वेळ उभं राहवत नाही."