सायकलच्या दुकानातला प्रश्नांचा फळा

मी आठवीत गेले तेव्हा वडिलांनी मला एक जुनी लेडीज सायकल घेऊन दिली. कसबा बावड्यातून कोल्हापुरातल्या शाळेत जायचं म्हणजे सायकल हवीच. पण तिची चेन दोन दिवसाआड उतरायची आणि चेनकव्हरात हात घालून ती बसवताना युनिफॉर्मच्या बाहीला ग्रीस लागायचं. आई वैतागली. मग वडील मला कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदाराला सगळे अण्णा म्हणायचे. ते मूळचे सीमेकडचे. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि एखादं फ्रीव्हील निघायलाच तयार नसलं की पुन्हा कानडी. दुकान जेमतेम एका खोलीचं. छताला टायर टांगलेले, भिंतीला स्पोकच्या जुड्या, काचेच्या बरण्यांत छर्रे आणि व्हॉल्व्हट्यूब. अण्णांनी माझी चेन दोन बोटांत धरून हलवली आणि म्हणाले, "ताणली हाय. एक कडी काढतो. पर चेन का ताणती, ठावं हाय का तुला?"

मी नाही म्हटलं.

"मग घरला जाऊन इचार कर. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं ते चुकीचं निघालं, तर त्यांनी चेनची एक कडी खोलून आतली झिजलेली पिन माझ्या तळहातावर ठेवली. लोखंड ओढून लांब होत नाही, पिना झिजून सांधे सैल होतात, हे मला त्या दिवशी कळलं. अण्णा असेच होते. सातवीत शाळा सुटलेली, पण प्रश्न विचारणं सुटलं नव्हतं.

दुकानाच्या दाराशी एक छोटा फळा होता. 'हवा भरून मिळेल' एवढंच त्यावर असायचं. मी कॉलेजात गेले त्या सुमारास, लोकसभेच्या निवडणुका एकामागून एक होत होत्या आणि दुकानापुढे रोज वाद रंगायचे. साखर कारखान्यातले कामगार, दूध घालणारे, पेपर टाकणारे, सगळे हवा भरायला थांबायचे आणि सरकार पाडायचे. एका सकाळी मी पंप घ्यायला गेले तर फळ्यावर वेगळंच काही लिहिलेलं: 'सरकार पडायला निम्म्याहून जास्त मते लागतात. निम्मे कुणाचे? सगळ्या खासदारांचे, की त्या दिवशी हजर राहून मत देणाऱ्यांचे?'

"अण्णा, हे काय?"

"काल धा जण भांडत हुते हितं. धाच्या धा जणांना इचारलं. एकालाबी ठावं न्हाय. मलाबी न्हाय." ते ब्रेकचं रबर कापत होते. "लाज वाटली बघ. देश आपला, अन् त्यो चालतोय कसा त्ये ठावं न्हाय."

दुपारी दुकान बंद करून ते वाचनालयात गेले. दुसऱ्या दिवशी प्रश्नाखाली उत्तर होतं: 'हजर राहून मत देणाऱ्यांचे.' त्याखाली नवा प्रश्न. असं रोज सुरू झालं. सरकारी पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी मराठीतली राज्यघटना आणली. तिच्या पानांवर कायम ग्रीसचे अंगठे उमटलेले असत. राज्यसभा कधीच का विसर्जित होत नाही? अर्थसंकल्प नामंजूर झाला तर काय होतं? लोक हवा भरायला येईनात का, फळा वाचायला मात्र थांबायचे. प्रत्येक प्रश्न आणि उत्तर अण्णा एका वहीत उतरवून ठेवत.

कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी शहरातल्या एका क्लासमध्ये शिकवायला लागले तेव्हा अशा सात वह्या झाल्या होत्या. मी म्हटलं, हे इंटरनेटवर ठेवू या. अण्णांनी मान हलवली, पण त्यांना ते फारसं कळलं नसावं. फुकटात वेबसाइट देणारी एक कंपनी होती. तिथे मी वर्षभर शनिवार-रविवार बसून तीन वह्या टाइप केल्या. आणि एके दिवशी बघते तर पान उघडेचना. कंपनीने सेवाच बंद केली होती. तसं कळवणारी ईमेल आली होती म्हणे. मी ती वाचलीच नव्हती. टाइप केलेलं सगळं गेलं.

मी तोंड पाडून अण्णांना सांगायला गेले. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"म्हंजे आपल्या वह्या आतापतूर कुणाच्या घरात हुत्या?"

"कुठल्यातरी परदेशातल्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर."

"अन् तुझ्या घरात का न्हाय ठेवता येत?"

मला हसू आलं. मग वाटलं, खरंच, का नाही येत?

तो प्रश्न मला काही सोडेना. क्लासने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मी मागून घेतला आणि तो सायकलच्या कॅरिअरला बांधून चालत घरी आणला. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरची मोफत सिस्टीम त्यावर चढवली. टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. यंत्राला जागा मिळाली स्वयंपाकघरातल्या धान्याच्या कोठीवर, कारण फोन तिथे होता. आई म्हणाली, "हे दिवसभर घुरघुरणार व्हय?" मी हो म्हटलं. तिने त्यावर एक फडकं टाकलं, मी ते काढलं. त्याला वारा लागतो हे पटवायला मला आठवडा लागला. मग वह्या पहिल्यापासून पुन्हा टाइप करायला बसले.

अडचणी एकेक करून समोर आल्या. दिवसातून काही तास भारनियमन. वीज जाऊन आली की आमच्या जोडणीचा पत्ताच बदलायचा, मग पान कुणाला सापडायचं नाही. अण्णांना हे सांगितल्यावर ते दोन दिवस त्यावरच विचार करत होते. "रोज भाड्याचं घर बदलनारा मानूस," ते म्हणाले, "त्याला पत्र पोचवायचं तर मधी कुनीतरी ओळखीचा पायजे." अगदी तसंच निघालं. बदललेला पत्ता लक्षात ठेवून नाव तेच राखणारी एक सेवा मला सापडली. सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरांऐवजी चौकटी दिसायच्या, तर त्यासाठी काय करायचं तेही मी पानावर लिहून ठेवलं. पण मराठीत लिहिलं. त्याच्याही चौकटीच दिसत असणार, हे महिन्याने माझ्या ध्यानात आलं. पानाच्या पहिल्याच ओळीत सूचना होती: 'वीज असेल तेव्हा हे पान उघडेल.'

पान सुरू होऊन काही महिने झाले होते. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतींच्या निवडणुकांचा तो पावसाळा. मी संध्याकाळी क्लासवरून येताना दुकानाशी थांबले, तर अण्णांसमोर एक बाई उभी होती. साधारण माझ्याच वयाची, पायांना चिखल लागलेला, हातात ओली छत्री. पानावरचा दुकानाचा पत्ता शोधत शाहूवाडीकडून आली होती. तिकडच्या एका वाडीत ती अंगणवाडी चालवायची आणि सरकारी नोकरीच्या परीक्षा द्यायची.

"ह्यो फळा तुमचाच न्हवं?" तिने अण्णांना विचारलं. "अन् त्ये इंटरनेटवरचंबी?"

"व्हय. बसा की पावणं."

"बसायला न्हाय आले. उपराष्ट्रपतीला खासदार अन् आमदार मिळून निवडतात, असं तुमच्या पानावर हाय. मी आमच्या मलकापुरात कॅफेत बसून वाचलं. तोंडी परीक्षेत त्येच सांगितलं. समोरचे साहेब हसले."

अण्णांनी वही काढली. मग राज्यघटना काढली. चष्मा पुसून हळूहळू वाचत गेले. बाई उभीच. पाऊस पत्र्यावर वाजत होता. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "आमदार राष्ट्रपतीला मत देतात. उपराष्ट्रपतीला न्हाय. त्याला फकस्त खासदार. मी दोन्ही एकात एक केलं."

भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला समोरचा लगेच कबूल झाला की काय करायचं ते सुचत नाही, तसं तिचं झालं. अण्णांनी चहा मागवला. तिने तो उभ्यानेच घेतला आणि शेवटची एसटी गाठायला निघून गेली.

मी घरी जाऊन पहिलं काम केलं ते पान दुरुस्त करायचं. चुकीचं उत्तर पुसलं, बरोबर लिहिलं. सकाळी अण्णांना सांगितलं, तर ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले.

"पुसलंस? कुनाला इचारून पुसलंस?"

"चूक होती ना अण्णा."

"म्हनूनच ऱ्हाऊ द्यायची. ज्यानं आदी वाचलं त्याला कसं कळनार आपन चुकलो हुतो त्ये? त्यो तसंच डोक्यात घिऊन फिरनार."

फळ्यावर त्यांनी तेच केलं होतं. चुकीचं उत्तर लिहून त्यावर आडवी रेघ, शेजारी बरोबर उत्तर, आणि खाली 'चूक माझी'. आठ दिवस त्यांनी तो फळा पुसला नाही; नवा प्रश्नही लिहिला नाही.

माझ्या पानावर हे कसं करायचं याचा मी शोध घेतला. लिहिलेल्या मजकुराचं जुनं रूपही जपून ठेवणारं एक मोफत सॉफ्टवेअर मिळालं. कुणी, कधी, काय बदललं ते सगळं त्यात दिसतं, आणि वाचणाऱ्यालाही दुरुस्ती सुचवता येते. ते त्या जुन्या यंत्रावर बसवायला तीन रविवार गेले. वह्यांमधली सगळी उत्तरं अण्णांनी घटना समोर ठेवून पुन्हा तपासली. आणखी अकरा चुका निघाल्या. प्रत्येक चूक सापडली की ते दुकानातून आमच्याकडे फोन करायचे. आवाजात ओशाळेपणा कमी आणि उत्सुकता जास्त असायची. "आगं, ह्येबी चुकलंया बघ! मला धा वर्सं असंच वाटत हुतं!"

पहिली बाहेरची दुरुस्ती आली ती मलकापूरहून. त्या बाईनेच पाठवली होती. राज्यपालांविषयीच्या उत्तरात एक शब्द चुकला होता, तो तिने बरोबर करून खाली कलमाचा क्रमांकही दिला होता. मी छापून अण्णांकडे नेलं. त्यांनी घटना काढून तिने दिलेलं कलम शोधलं आणि कागदाशी ताडून पाहिलं.

"ही बाई बारकाईनं वाचती," ते म्हणाले. "तिला इचार, पुढचे प्रश्न लिहिशील का म्हनून."

तिने होकार दिला. अट एकच घातली: प्रश्न फळ्यावर आधी यावा, नाहीतर अण्णांशी भांडता कसं येणार? पुढच्या वर्षी ती परीक्षेत पास झाली आणि ग्रामसेविका म्हणून तिकडच्याच एका गावात रुजू झाली. कामासाठी कोल्हापुरात आली की दुकानात यायची, आता मात्र बसायची. एका वळवाच्या पावसात वीज कडाडून आमच्या कोठीवरचं यंत्र जळलं, तेव्हा तिच्याकडे सगळ्या पानांची सीडी होती. महिन्याभरापूर्वी तिने मागितल्यावर मी ती दिली होती, आणि माझी स्वतःची प्रत मात्र सहा महिने जुनी होती. नवं यंत्र जोडून पानं परत उघडली त्या दुपारी ती आणि अण्णा दुकानात वाद घालत होते. ग्रामसभेचा ठराव ग्रामपंचायतीला नाकारता येतो का, यावर. ती म्हणत होती, आपण तो नाकारलेला कितीदा बघितलाय. अण्णा म्हणत होते, पुस्तकात काय लिहिलंय ते आधी बघू.