उतरनार म्हंजे उतरनार

विमान दोनदा डोक्यावरून फिरलं आणि ढगात शिरून परत गेलं. आवाज बंद झाला तरी तो कपाळावर आडवा हात धरून वर बघतच होता. मग हात खाली घेतला, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्या टपरीवर बसलेल्या हैद्राबादच्या साहेबापुढे ठेवली.

"घ्या साहेब. गाडी तुमची झाली."

साहेबाच्या हातातला चहा तसाच राहिला.

इकडून विमानानं गेला असाल तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. कोपरगावकडच्या माळावर विमानतळ झालं, त्याच्या दाराबाहेर भाड्याच्या गाड्यांची ओळ लागते आणि ओळीच्या टोकाला माझी चहाची टपरी आहे. बाकीचे गाडीवाले मोबाईलमध्ये बघायचे. हा एकटा वर बघायचा. त्याची जमीन विमानतळात गेली. त्या पैशातून घर झालं आणि उरलं त्यात गाडी आली. घरात बायको आणि दोन मुली. गाडी पळाली तर घरात शिजायचं, नाहीतर नाही.

धुकं असलं किंवा ढग खाली आले की विमान यायचं, फिरायचं, कधी उतरायचं आणि कधी न उतरता जायचं. अशा दिवशी त्याच विमानानं पुढे जाणारी माणसं त्याची वाट बघत खोळंबायची, कंटाळून माझ्याकडे चहाला यायची. हा त्यांना गाठायचा. "काय साहेब, उतरंल का न्हाई? लावता पैज?" कंटाळलेला माणूस कशावरही पैज लावतो. कुणी चहा लावायचं, कुणी मनगटावरचं घड्याळ. एक बाई देवाच्या प्रसादाच्या पेढ्यांची पेटी हरली आणि रडायला लागली. यानं पेटी घेतलीच. घेतली आणि सगळ्या ओळीला पेढे वाटले, त्या बाईलासुद्धा.

तो नेहमी उतरण्यावरच लावायचा. मी एकदा सांगितलं, "अरे येड्या, न उतरन्यावर लाव. उतरलं तर भाडं मिळंल, न्हाई उतरलं तर पैज मिळंल. कायतरी हाताला लागंल."

"मावशी, माझी चूल त्याच्यावर हाय. ते उतरनार न्हाई असं म्या तोंडानं म्हनू? उतरनार म्हंजे उतरनार."

"मग मर दोन्हीकडनं."

तो हसला. पुढचा एक दात पडलेला होता, हसला की पोरासारखा दिसायचा.

त्या दिवशी हैद्राबादचा साहेब परदेशातल्या गोष्टी सांगत होता. तिकडे एका विमानतळावर म्हणे विमानाच्या दारापाशीच जुगाराची यंत्रं मांडलेली असतात. पैसे टाकायचे, बटण दाबायचं आणि विमान येईपर्यंत हरत बसायचं. बायकासुद्धा लेकरू कडेवर घेऊन खेळतात. गाडीवाले आ वासून ऐकत होते. हा म्हणाला, "आमचं यंत्र वरनं येतं, साहेब. लावता?"

साहेबानं हातातलं सोन्याचं कडं काढून फळीवर ठेवलं. "और तुम?"

यानं आपल्या गाडीकडे बोट केलं.

मी चहा गाळत होते. म्हणाले, "ए, गाडी तुज्या एकट्याची न्हाई."

"मावशी, गप ऱ्हावा. उतरनार."

पुढचं तुम्हाला सांगितलंच. साहेबानं किल्ली परत सरकवली. "अरे भाई, मजाक था." यानं ती पुन्हा त्याच्याकडे सरकवली. सगळी ओळ गोळा झाली. "घे की लेका, देतोय तर!" पण हा ऐकेना. "जिंकल्यावर म्या कुनाला सोडलं व्हय? त्या बाईचं पेढंबी घेतलं. मग मलाच का सोडायचं?"

साहेबाला पुण्याला जाऊन दुसरं विमान धरायचं होतं. तो वैतागला आणि म्हणाला, मग मला पुण्याला तरी सोड. यानं सोडलं. तिथं किल्ली त्याच्या हातात दिली आणि एसटीनं परत आला.

त्याची बायको माझ्या टपरीवर वाट बघत बसून होती.

"गाडी कुठाय?"

"हरलो."

"आन् त्यानं घेतली?"

"घेत नव्हता. म्या दिली."

हे ऐकल्यावर तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की मी उगीच भांडी घासायला घेतली.

साहेब भला होता. गाडी पुण्याला पार्किंगमध्ये लावून किल्ली तिथल्या माणसाकडे ठेवली आणि तसा फोन केला. यानं फोन ऐकला आणि खिशात घातला. बायको रोज म्हणायची, आणा. हा म्हणायचा, दुसऱ्याची हाय. शेवटी तिनं भावाला बरोबर घेतलं आणि गाडी आणून दारात उभी केली. हा तिच्यात बसेना. ओळीत मात्र यायचा, पायी. पोरं टोचायची, "काय शेट, आज काय लावता? चप्पल?" तो हसायचा. हसताना आता म्हातारा दिसायचा.

एका सकाळी आभाळ स्वच्छ होतं. विमान न फिरता खाली आलं, माणसं बाहेर पडली, गाड्या भरून निघून गेल्या. ओळीच्या जागी तो एकटा उभा राहिला. चहा घेतला, कप विसळून ठेवला. कप विसळायचं त्याला मी कधी सांगितलं नव्हतं. "येतो मावशी," म्हणाला. आला नाही. कुणी म्हणतं सुरतेला आहे, कुणी म्हणतं नाशकात ट्रकवर आहे. मुलींना त्याचा फोनसुद्धा येत नाही.

लोक अजून म्हणतात, शब्दाचा पक्का माणूस. घरातल्या तिघींना त्यानं कुठला शब्द दिला होता, ते कुणी विचारत नाही. मी त्याला चांगला म्हणत नाही. मात्र टपरीवर आलेल्यांत आठवतो तो एकटाच.

त्याच्या बायकोला गाडी तिच्या भावानं शिकवली, विमानतळामागच्या मोकळ्या रस्त्यावर. पहिल्या दिवशी ओळीतल्यांनी तिला सगळ्यांच्या मागं उभं केलं. ती उभी राहिली. आता तिचाही नंबर लागतो. विमान उतरलं तर भाडं घेऊन जाते, परत गेलं तर काच पुसते आणि घरी जाते.

यातून तगल्या त्या या तिघीच, ती आणि तिच्या दोन मुली.