जिभेवरचा समुद्र

खडकी स्टेशनजवळच्या त्या दुरुस्तीवाल्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या हडपसरच्या कंपनीतल्या साहेबांनी अमेरिकेहून मेटल डिटेक्टर आणला होता. तो मी हट्टाने मागून घेतला आणि हरिहरेश्वरच्या ओल्या वाळूत दोन दिवस नाणी शोधत फिरलो. नाणी मिळाली नाहीत, डिटेक्टर मात्र मुका झाला. शुक्रवारी तो साहेबांना परत द्यायचा होता.

दुरुस्तीवाल्यांनी तो उघडला, चष्मा कपाळावर सरकवला, आतल्या सर्किटवरून करंगळी फिरवली आणि सरळ जिभेला लावली.

"खारट. समुद्रावरून येऊन किती दिवस झाले?"

"तीन."

"तीन दिवसांत तुम्ही स्वतः अंघोळ केली असेल ना?"

त्यांनी सर्किट सोडवून चक्क नळाखाली धरलं. दाढीच्या जुन्या ब्रशने त्यांनी एकेक सांधा हलक्या हाताने घासला आणि सर्किट उन्हात वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी डिटेक्टर त्यांच्याच हातातल्या पकडीवर खणखणीत ओरडला.

निघताना मी विचारलं, "तुम्ही कोकणात बरेचदा जात असाल?"

"छे हो. समुद्र अजून पाहिलेला नाही. दर सोमवारी कुणीतरी कॅमेऱ्यात नाहीतर घड्याळात भरून आणतं, तेवढीच ओळख."

पुढच्या खेपेला मी त्यांच्यासाठी बाटलीभर समुद्र आणला. त्यांनी करंगळी बुडवून चाखली.

"हाच तो," म्हणाले, आणि बाटली सगळ्या यंत्रांपासून लांब, देवाच्या फोटोशेजारी ठेवली.