परब सरांचा डोंगर

स्लाइडवर घेतलेला तयार आकार परब सरांनी तसाच ठेवला, असं कधी झालं नाही. राइट क्लिक, एडिट पॉइंट्स, आणि मग कडेचे काळे ठिपके एकेक करून ओढत बसायचे. त्यांचा माडही एका बाजूला कललेला असायचा. ते भूगोल शिकवायचे, मी संगणक. लॅब बंद करायची वेळ झाली तरी यांचं आटपत नसे. "बाय, मात्शी राव. हे दोन बिंदू ओडतां आनी उठतां," म्हणून मला थांबवायचे. ते दोन कधीच दोन नसायचे.

कोरगावात आमच्या डोंगरावर बंगले होणार असं कळलं, तेव्हा ग्रामसभेत मांडणी करायचं सरांनी अंगावर घेतलं. डोंगर कापला तर पोटातला झरा जाणार आणि डोंगराच्या दोन्ही बाजूंच्या वाड्यांच्या विहिरी आटणार, एवढंच पटवायचं होतं. मी म्हटलं, त्रिकोण टाका आणि मोकळे व्हा. त्यांनी आठवडाभर खपून डोंगर काढला. काजूंचा उतार, मधली खोबण, टोकाचा कातळ, सगळं हुबेहूब.

सभेत स्लाइड लागली आणि पलीकडच्या वाड्यावरचे एक आजोबा उठले. "सर, हो आमचो डोंगर न्हय. आमच्या वाड्यावरल्यान असो दिसना." सरांनी तो आपल्या पडवीतून दिसतो तसा काढला होता. मग खरा डोंगर कुठला यावरच दोन्ही वाडे हमरीतुमरीवर आले. झऱ्याचं राहिलं, बंगल्यांविरुद्धचा ठरावही राहिला.

मीही पलीकडच्याच वाड्यावरची. आठवडाभर ती स्लाइड माझ्या डोळ्यांसमोर होती. पण बोलले असते तर सर पुन्हा पहिल्यापासून बसले असते, आणि मला घरी जायचं होतं. याची लाज अजून वाटते.

पुढे डोंगरावर यंत्रं चढली. सर तीच स्लाइड नववीच्या मुलांना दाखवत. दर सोमवारी ती उघडायचे आणि जेवढा डोंगर कापला गेला, तेवढे वरचे ठिपके खाली ओढायचे. मी एकदा वैतागून विचारलं, "कित्याक सर, हो त्रास?"

"जो डोंगर ना, तो भुरग्यांक कसो दाखोवूं?"

निवृत्तीच्या दिवशीही ते लॅबमध्ये आले. ठिपके ओढून झाले तेव्हा पडद्यावर जवळजवळ आडवी रेघ उरली होती. माउस बाजूला सारून ते म्हणाले, "बाय, तुमच्या वाड्यावरल्यान कसो दिसता, तें मागीर हांवें विचारूंकच ना."

"आतां दोनूय कडल्यान सारकोच दिसता, सर," मी म्हटलं.