घासलेली थाळी

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका पाड्यावर मी एकदा एक थाळी घासली. राखेने, चिंचेने, वर नखं लावून. अजूनही नातसून भांड्यांना बसली की मी तिथून उठते. तिला वाटतं, म्हातारी कामचुकार. तेही खोटं नाही म्हणा.

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. धरणगावहून आलेली मी नवी मास्तरीण. अक्कल बेताची, स्वच्छता मात्र अंगात फार. शाळेतले दुसरे गुरुजी त्याच पाड्याचे, कोकणा आदिवासी. ठेकेदाराने वरचं रान तोडायला घेतलं होतं. डोंगरात कुठल्या झाडाखाली कुठला झरा, हे सगळं गुरुजींच्या आजोबांच्या कथेत होतं. ती टेपवर घ्यायची, पाड्यापाड्यांत ऐकवायची आणि तोड अडवायला माणसं उभी करायची, असं गुरुजींनी ठरवलं. टेपरेकॉर्डर धुळ्याहून मागून आणलेला. संध्याकाळच्या एस्टीने परत जायचा. मी फक्त माईक धरायचा.

आजोबा कथा सांगत ती काशाच्या थाळीवर. मधोमध मेणाचा गोळा, ऐन वेळी त्यात काडी रोवायची. काडीवरून बोटं ओढली की थाळी घुमते, त्या घुमण्यावर कथा चालते. मला हे कुठं ठाऊक! ओसरीवर थाळी दिसली, मधे काळंकुट्ट काहीतरी चिकटलेलं. खरवडून चुलीत टाकलं. भक्कन पेटलं, तरी बाईंना शंका नाही!

आजोबा काडी घेऊन आले. थाळी लखलखत होती. मी शाबासकीची वाट बघत उभी.

"बाई, मेण कुठंय?" गुरुजींनी विचारलं.

"कसलं मेण?"

मग मी धावत शाळेतली मेणबत्ती आणली. काडी दोनदा आडवी झाली. त्याला रानमाशांचंच मेण लागतं. आणि ज्या झाडाला मधाची पोळी लटकायची, ते ठेकेदाराने मागच्याच उन्हाळ्यात पाडलेलं. माशा परत फिरकल्या नव्हत्या. मी चुलीत घातलं ते शेवटचं.

"आबा, थाळीवाचून नुसती सांगा ना," असंही म्हणाले मी. तेवढंच राहिलं होतं! आजोबा माझ्याशी अहिराणीत बोलायचे. म्हणाले, "तिना आवाजवर पाय ठेईसन चालस मी, बाई."

टेप कोराच एस्टीत चढला.   मी ओसरीवर मुसमुसत बसले, तेव्हा आजोबांनी ती थाळी माझ्या तोंडापुढे धरली.

"रडू नका, बाई. थाळी मस्त चमकाडी तुम्ही. आते तिनामा तुमनं तोंड दखा. डोंगर काही दिखस नही."